कमोडपुढचे नऊ इंची स्टूल: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमची पुण्यातील जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि भाड्याच्या घरात तीन वर्षे काढून आम्ही नव्या सदनिकेत राहायला आलो, तेव्हा तिथल्या दोन्ही स्वच्छतागृहांत भिंतीला टांगलेले कमोड बसवलेले होते. जुन्या घरात आणि भाड्याच्या घरातही भारतीय पद्धतीचे भांडे होते, त्यामुळे आयुष्याची 57 वर्षे मी रोज सकाळी उकिडवीच बसत आले होते. नव्या कमोडची बैठक फरशीपासून 17 इंचांवर आहे आणि माझी उंची 5 फूट 1 इंच आहे. बसल्यावर माझ्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, नुसते चवडे टेकत होते, आणि असे अधांतरी बसून कुंथताना मांड्यांना मुंग्या येत असत. बद्धकोष्ठतेची तक्रार मला त्याआधीही होती, परंतु नव्या घरात आल्यावर चार महिन्यांत ती इतकी वाढली की संपूर्ण सकाळ त्या एका विवंचनेत जाऊ लागली.

हा अभिप्राय कमोडपुढे ठेवायच्या प्लास्टिकच्या स्टुलाबद्दल आहे. अशी दोन स्टुले मी विकत घेतली. पहिले फसले, दुसरे सात महिने रोजच्या वापरात आहे. मात्र या वस्तूचे मोल तिच्याभोवतीच्या दिनक्रमापासून वेगळे काढता येत नाही, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातीत नेमके तेच सांगितलेले नसते. म्हणून स्टुलाबरोबर इसबगोल, भाकरी आणि घड्याळ यांच्याविषयीही लिहावे लागणार आहे.

खरेदीपूर्वी मी पोटविकारतज्ज्ञांकडे गेले होते, आणि वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या कोणाचीही शौचाची सवय अचानक बदलली असेल तर त्याने स्टुलाच्या आधी तेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. शौचावाटे रक्त जाणे, प्रयत्न न करता वजन घटणे, रक्तक्षय निघणे, पोटात तीव्र कळा येऊन उलट्या होणे किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपाय बाजूला ठेवलेलेच बरे. माझी रक्ततपासणी झाली, थायरॉइड आणि साखर पाहिली गेली, वयाचा विचार करून दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणीही झाली. सर्व अहवाल निर्दोष आले. मग डॉक्टरांनी शांतपणे काही प्रश्न विचारले: कुंथावे लागते का, मळ खड्यांसारखा कठीण असतो का, पोट पूर्ण साफ झाले नाही असे वाटते का, मार्गात अडल्यासारखे वाटते का, कधी बोटाने मदत करावी लागते का, आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होते का. जगभरचे तज्ज्ञ वापरतात त्या रोम निकषांनुसार यांतील दोन किंवा अधिक तक्रारी किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या आणि गेले तीन महिने टिकून असतील, शिवाय कुंथण्यासारख्या तक्रारी चारांतून एका वेळेपेक्षा अधिक जाणवत असतील, तर ती जुनाट बद्धकोष्ठता समजली जाते. माझ्या चार तक्रारी निघाल्या.

याच भेटीत मला एक गोष्ट कळली, जी कोणीतरी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवी होती. रोज झालेच पाहिजे असा नियम शरीराने केलेला नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतचा पट्टा सर्वसाधारण मानला जातो, आणि मळ मऊ असेल व त्रास नसेल तर एक दिवस कोरा गेल्याने काही बिघडत नाही. आमच्या घरात ‘आज झाली का’ हा प्रश्न चहाच्या आधी विचारला जात असे आणि नाही म्हटले की चूर्णाची बरणी पुढे येत असे.

डॉक्टरांनी जी सूचना केली ती अगदी साधी होती: पायांखाली काहीतरी घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. वस्तू विकत घ्यायची गरज नाही, घरातला पाट चालेल, असेही ते म्हणाले. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की विषय तिथेच संपला. “अगं, ज्या पाटावर बसून जेवलो तो तिथे नेणार?” एवढेच त्या बोलल्या. म्हणून खरेदी.

उकिडवे बसण्यात नेमके काय आहे, हे स्टूल घेणाऱ्याने समजून घेतलेले बरे. गुदाशयाच्या खालच्या टोकाभोवती स्नायूचा एक पट्टा मागून वळसा घालून पुढच्या हाडाला बांधलेला असतो. आपण उभे असतो किंवा खुर्चीवर बसतो तेव्हा तो पट्टा गुदाशयाला पुढे ओढून धरतो, त्यामुळे मार्गाला बाक येतो आणि त्या बाकामुळेच आपल्याला नको त्या वेळी धरून ठेवता येते. उकिडवे बसल्यावर हा पट्टा सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो. जपानमध्ये 2010 साली सहा निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या एका अभ्यासात बसलेल्या स्थितीत हा कोन सुमारे 100 अंश आणि उकिडव्या स्थितीत सुमारे 126 अंश भरला होता. इस्राएलमध्ये 2003 साली 28 स्वयंसेवकांना तीन वेगवेगळ्या बैठकी देऊन वेळ मोजला गेला, तेव्हा उकिडवे बसल्यावर सरासरी 51 सेकंद लागले आणि नेहमीच्या उंच कमोडवर त्याच्या दुपटीहून अधिक. हे अभ्यास लहान आहेत, माणसे निरोगी होती, आणि तुलना पूर्ण उकिडव्या बैठकीशी होती. कमोडवर बसून पाय स्टुलावर घेतल्याने मिळते ती फार तर अर्धी बैठक. अशा स्टुलाचा थेट अभ्यास अमेरिकेत ओहायो येथे झाला व 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात 52 जणांनी चार आठवडे नोंदी ठेवल्या आणि बहुतेकांना कुंथावे कमी लागले. तेही निरोगीच होते. जुनाट रुग्णाने यातून आशा घ्यावी, हमी घेऊ नये.

आता वस्तूकडे वळते.

पहिले स्टूल मी ऑनलाइन मागवले. किंमत 649 रुपये, उंची सात इंच, रंग पांढरा. पेटीवर आतड्यात साचलेली कित्येक किलो विषारी घाण बाहेर पडेल असा मजकूर होता. असे किलोंचे साठे आतड्यात नसतात हे दुर्बिणीतून स्वतःचे आतडे पडद्यावर पाहिलेल्या बाईला सांगायला नको. स्टूल वजनाला इतके हलके होते की पायाच्या अंगठ्याने सरकत असे. चार पायांपैकी दोनांखाली रबराच्या चकत्या होत्या आणि दोनांखाली नव्हत्या. आमच्याकडे धुण्याचा फवारा आहे, फरशी ओली राहते, आणि तिसऱ्याच दिवशी माझे दोन्ही पाय स्टुलासकट दारापर्यंत गेले. पडले नाही, कारण हात भिंतीवरच्या नळाला लागला. परत करण्याची विनंती केली तेव्हा ‘वैयक्तिक स्वच्छतेची वस्तू वापरानंतर परत घेतली जात नाही’ असे छापील उत्तर आले. वस्तू वापरल्याशिवाय ती घसरते हे ग्राहकाला कसे कळावे, या माझ्या प्रश्नाला उत्तर आले नाही. विक्रेत्याचे नाव लिहीत नाही, कारण अशाच साच्यातून निघालेली तशीच स्टुले दहा नावांनी विकली जात असल्याचे मी नंतर पाहिले.

दुसरे स्टूल मी दुकानात जाऊन, हातात धरून आणि त्यावर उभी राहून घेतले. रुग्णोपयोगी साहित्य विकणाऱ्या दुकानात ते 1,150 रुपयांना मिळाले. उंची नऊ इंच, वजन दीड किलोच्या आसपास, चारही पायांखाली जाड रबर, पावले ठेवायच्या जागी खरखरीत उंचवटे, आणि मधोमध आत गेलेला अर्धगोल. हा अर्धगोल वापर नसताना स्टूल कमोडखाली सरकवून ठेवण्यासाठी असतो. भिंतीला टांगलेल्या कमोडखाली फरशी मोकळी असल्यामुळे ते पूर्ण आत जाते आणि कोणाच्या पायात येत नाही. जमिनीवर बसवलेल्या कमोडच्या बुंध्याला मात्र हा अर्धगोल जुळतो का, हे आधी कागदाचा नमुना कापून पाहावे. पावलांमधील अंतरही महत्त्वाचे आहे. पहिल्या स्टुलावर माझे गुडघे एकमेकांना चिकटत होते. दुसऱ्यावर ते खांद्यांइतके लांब राहतात आणि पोट मांड्यांमध्ये मोकळे सुटते.

दोष या स्टुलातही आहेत. खरखरीत उंचवट्यांमध्ये आमच्या बोअरच्या पाण्याचे क्षार बसतात आणि आठवड्याला जुन्या दातघाशीने ते घासावे लागतात. रबराच्या चकत्यांखाली पाणी साचून काळा थर धरतो, म्हणून आठ दिवसांनी स्टूल उलटे करून उन्हात ठेवावे लागते. पांढऱ्या रंगाऐवजी राखाडी मिळाला असता तर बरे झाले असते. त्यापलीकडे तक्रार नाही.

उंचीबद्दल पेटीवर काहीच लिहिलेले नसते, म्हणून माझा हिशेब सांगते. 17 इंचांच्या कमोडला सात इंची स्टूल लावले तेव्हा माझ्या मांड्या जेमतेम आडव्या झाल्या. नऊ इंची लावल्यावर गुडघे कमरेच्या वर आले. ज्यांचा कमोड 15 इंचांचा आहे किंवा जे उंच आहेत, त्यांना सात इंच पुरेल. गुडघे छातीला लागेपर्यंत उंच स्टूल घेण्यात अर्थ नाही, कारण मग तोल मागे जातो आणि पोटाचे स्नायू आवळले जातात. यजमानांची उंची 5 फूट 9 इंच आहे; त्यांना नऊ इंची स्टुलावर बेडकासारखे वाटते असे ते म्हणतात आणि ते वापरत नाहीत. त्यांना गरजही नाही, हा भाग वेगळा.

पहिल्या दहा दिवसांत मला काडीचाही फरक जाणवला नाही, आणि पैसे वाया गेले असे मी बहिणीला फोनवर सांगितलेही होते. चूक माझी होती. मी स्टूल आणले, पण बसायची वेळ तशीच भोंगळ ठेवली. मी 31 वर्षे सकाळच्या सत्राच्या शाळेत शिकवले. सातच्या प्रार्थनेला हजर राहायचे म्हणजे सव्वासहाला घर सोडायचे. नाश्ता मधल्या सुट्टीत, आणि त्यानंतर जी भावना होई ती शाळेतील शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाची अवस्था आठवून दाबली जाई. आयुर्वेदात याला वेगधारण म्हणतात आणि ते न करण्याविषयी बजावले आहे. दाबलेला वेग काही वेळाने विरतो, मळ आतच थांबतो, मोठे आतडे त्यातील पाणी शोषत राहते आणि संध्याकाळपर्यंत त्याचे खडे होतात. वर्षानुवर्षे असे केले की गुदाशयाची जाणीवही मंदावते. संदेश येतो तोच क्षीण येतो. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त झाले तेव्हा वेळ मोकळा झाला, पण शरीराला ते कोणी कळवले नव्हते.

जठरात अन्न पडले की मोठ्या आतड्याला हालचालीची चेतना मिळते, आणि सकाळी उठल्यानंतरच्या तास-दोन तासांत ही हालचाल दिवसातील इतर वेळांपेक्षा जोरकस असते. दोन्ही गोष्टी एकत्र साधायच्या तर न्याहारी लवकर आणि पोटभर हवी. म्हणून क्रम असा ठरवला: सहाला उठून एक तांब्या पाणी, थोडे चालणे, सव्वासातला न्याहारी, आणि पावणेआठला, भावना असो वा नसो, स्टुलावर पाय ठेवून बसणे. बसायचे ते आठ मिनिटे, त्याहून अधिक नाही. कोपरे गुडघ्यांवर, कंबर किंचित पुढे झुकलेली, पाठ ताठ, तोंड थोडे उघडे. श्वास रोखून कुंथण्याऐवजी पोट पुढे फुगवायचे आणि दिवा विझवताना फुंकतो तसा सावकाश श्वास सोडायचा. श्वास रोखून जोर लावला की खालचा स्नायू उलट आवळला जातो, हे मला डॉक्टरांनी हाताची मूठ करून दाखवले होते. झाले नाही तर रागावायचे नाही, उठायचे.

आठ मिनिटांच्या मर्यादेसाठी मोबाइल बाहेर ठेवावा लागला, आणि खरे सांगायचे तर संपूर्ण उपक्रमातील सर्वांत अवघड भाग तोच होता. बोस्टनमधील एका रुग्णालयात आतड्याच्या तपासणीसाठी आलेल्या 125 प्रौढांचा अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला. त्यात शौचालयात मोबाइल वापरणाऱ्यांमध्ये मूळव्याधीचा धोका 46 टक्के अधिक आढळला, आणि पाच मिनिटांहून अधिक बसणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात पुष्कळ जास्त होते. स्टुलामुळे बसणे आरामदायक होते, म्हणून हा धोका वाढतो. पाय टेकले की माणूस बातम्या वाचायला मोकळा होतो. पेटीवर लिहायचेच तर हे लिहायला हवे होते.

नोंदी मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठेवल्या. दुधाच्या खाड्यांची खूण असते त्याच चौकोनात खाली एक बारीक आकडा, एक ते सात. ब्रिस्टल येथे तयार झालेल्या आणि 1997 पासून सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात मळाचे सात प्रकार दिले आहेत: एक म्हणजे सुटे कठीण खडे, दोन म्हणजे खड्यांचा एकत्र झालेला गोळा, तीन आणि चार म्हणजे केळ्यासारखा सलग व मऊ, आणि सात म्हणजे पाणी. मार्ग सोपा कशामुळे होतो आणि माल मऊ कशामुळे होतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि हे मला त्या आकड्यांनी शिकवले. स्टूल फक्त पहिल्याचे उत्तर आहे. खडेच असतील तर कितीही चांगल्या बैठकीने काय होणार?

मऊपणासाठी दोन गोष्टी केल्या. पहिली इसबगोलाची भुशी. हे पीक गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील कोरड्या हवेत हिवाळ्यात घेतले जाते, गुजरातमधील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे आणि जगातील बहुतांश भुशी भारतातूनच जाते. नाव फारसी आहे. बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून अस्पघोल, त्याचे आपण इसबगोल केले. भुशी स्वतः पचत नाही, पाणी धरून फुगते आणि मळाला ओलावा व आकार देते. म्हणून तिच्या गुणाइतकेच पाण्याचे महत्त्व आहे. पहिल्या आठवड्यात मी अर्धी वाटी दुधात दोन चमचे ढवळून घेत होते, आणि पोट फुगून दगड झाले. आता रात्री जेवणानंतर, झोपण्याच्या दीड-दोन तास आधी, मोठ्या पेल्यात, म्हणजे सुमारे 250 मिलिलिटर कोमट पाण्यात एक चमचा घालते, घट्ट होण्याआधी लगेच पिते आणि वर आणखी अर्धा पेला पाणी घेते. परिणाम दिसायला अर्ध्या दिवसापासून तीन दिवसांपर्यंत लागतात, एका रात्रीत चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. कोरडी भुशी तोंडात टाकणे धोक्याचे आहे, ती घशात फुगून अडकू शकते. ज्यांना गिळताना त्रास होतो त्यांनी ती घेऊच नये. इतर गोळ्या आणि भुशी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर औषधाचे शोषण कमी होऊ शकते.

दुसरी गोष्ट ताटातली. आमचे रात्रीचे जेवण आमटी-भाताचे आणि सकाळचे चहा-खारीचे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतुमय भाग तीन ग्रॅमहूनही कमी आहे, तर ज्वारीत सुमारे 10 आणि बाजरीत 11 ग्रॅमच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगितले आहेत. खारीने त्यात काय भर पडते हे वेगळे सांगायला नको. मी रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा भाज्या घालून केलेला दलियाचा उपमा, आणि चार वाजता एक पेरू असा बदल केला. पेरू बियांसकट. पालेभाजी रोज होत नाही, आणि होते असे खोटे लिहिणार नाही. हा बदल एकदम न करता तीन आठवड्यांत हळूहळू केला, कारण एकाएकी तंतू वाढवले की वायू धरतो, हे इसबगोलाने शिकवलेच होते. दिनदर्शिका पाहताना एक मजेशीर गोष्ट सापडली: दर संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी माझा आकडा दोनवर घसरलेला होता. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि पाणी कमी, त्याचा तो हिशेब. आता संकष्टीला राजगिऱ्याची भाकरी आणि भोपळ्याची भाजी असते, आकडा तीनवर टिकतो, आणि गणपतीची काही तक्रार आल्याचे कळलेले नाही.

मग स्टुलाचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच. निवृत्ती, न्याहारी, भुशी, भाकरी हे सगळे एकाच काळात बदलले, तर श्रेय एका प्लास्टिकच्या वस्तूला कसे द्यावे? योगायोगाने याची परीक्षा झाली. दिवाळीनंतर मी आठ दिवस बहिणीकडे साताऱ्याला होते. तिच्याकडे कमोड आहे आणि स्टूल मी नेले नव्हते. जेवण आणि वेळा मी कसोशीने पाळल्या. दिनदर्शिकेचा फोटो मोबाइलमध्ये होता, त्यावरच खुणा केल्या. आकडे तीन आणि चारच राहिले, पण आठपैकी पाच दिवशी कुंथावे लागले आणि तीन दिवशी अर्धेच झाले असे वाटले. पुढे जानेवारीत माहेरी रत्नागिरीला गेले, तिथे अजून जुनेच भांडे आहे. तिथले दहा दिवस घरच्या स्टुलासारखेच गेले, किंबहुना किंचित बरेच. एका बाईच्या अठरा दिवसांवरून शास्त्र मांडता येत नाही हे मान्य, पण माझ्यापुरता निष्कर्ष असा की मळ मऊ करण्याचे काम ताटाने आणि पाण्याने केले, वेळेवर बोलावण्याचे काम न्याहारीने केले, आणि शेवटची अडचण स्टुलाने दूर केली.

हे स्टूल कोणी घेऊ नये हेही सांगणे आवश्यक आहे. सासूबाई 83 वर्षांच्या आहेत आणि खुब्याचे हाड मोडून त्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. अशा रुग्णांना मांडी पोटाकडे फार वाकवू नये असे सांगितलेले असते, आणि ओल्या फरशीवर पायांत स्टूल म्हणजे पुन्हा पडण्याला आमंत्रण. त्यांच्यासाठी आम्ही उलट कमोडजवळ भिंतीला आधाराची दांडी बसवली. त्यांची बद्धकोष्ठता निघाली औषधांतून: लोहाची गोळी, कॅल्शियम आणि रक्तदाबासाठीची अॅम्लोडिपीन या तिन्हींचा कमीअधिक वाटा असू शकतो असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, लोहाची गोळी एका दिवसाआड केली आणि लॅक्ट्युलोजचे पातळ औषध दिले. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, परंतु संपूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. त्याचप्रमाणे काहींमध्ये जोर लावताना खालचा स्नायू सैल होण्याऐवजी आवळतोच. त्यांना ना स्टूल पुरते ना भुशी, स्नायूंना पुन्हा वळण लावणारे बायोफीडबॅक हे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. दोन महिने नियमाने सर्व करूनही अडल्याची भावना जात नसेल तर हे कारण तपासून घ्यावे.

चूर्णाच्या बरणीबद्दल दोन वाक्ये. बाजारातील बऱ्याच ‘पोट साफ’ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला डिवचून काम करते, अधूनमधून प्रवासात घेतली तर ठीक, पण महिनोन्महिने रोज घेण्याची वस्तू नव्हे, आणि तपासणीत आतड्याच्या अस्तरावर काळपट झाक दिसली तर डॉक्टर पहिला प्रश्न याच चुर्णाबद्दल विचारतात. मला तो विचारला गेला. बरणी अजून फडताळात आहे, सासूबाईंच्या समाधानासाठी.

किंमत, टिकाऊपणा आणि उपयोग पाहता नऊ इंची स्टुलाला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण सफाईच्या त्रासापोटी आणि पेटीवर उंचीचे मार्गदर्शन नसल्यापोटी कापला आहे. सात इंची स्टुलाला एक. ऑनलाइन घेणार असाल तर चारही पायांखालचे रबर दिसेल असा उलट्या बाजूचा फोटो विक्रेत्याकडे मागावा, आणि तो मिळाला नाही तर दुकान गाठावे. पहिले सात इंची स्टूल मी टाकून दिले नाही. बाल्कनीत त्यावर ओव्याच्या पानांची कुंडी ठेवली आहे. तिथे फरशी कोरडी असते, त्यामुळे ते अजून तरी सरकलेले नाही.